विरजण हलवायचं नाही

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून दही लावलं. शनिवारी सकाळी नातीची मॅच होती, आणि मधल्या सुट्टीत मुलींना काहीतरी खायला-प्यायला द्यायची पाळी आमच्या घराची होती. बाकीच्या घरांतून संत्री यायची, केळी यायची, पुड्यातली बिस्किटं यायची. आमच्या घरातून ताक जायचं. मी मोठ्या पातेल्यात दूध तापवलं. इंदूने, म्हणजे माझ्या बायकोने, करंगळी बुडवून बघितली.

"कढत हाय. थांबा."

थांबलो. मला थांबायला जमत नाही, म्हणून लगेच परत विचारलं.

"थांबा म्हटलं ना."

मग तिने वाटीतलं विरजण फेटून दुधात सोडलं, एकदाच ढवळलं, झाकण ठेवलं. मी पातेलं माझ्या जुन्या कामाच्या जॅकेटात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये सरकवलं. हे सगळं करताना आम्ही भांडत होतो. भांडण नेहमीचंच, नातीच्या कोचबाईंवरून. मी म्हणत होतो, ही बाई बदलली पाहिजे. ती म्हणत होती, बदलायची नाही. शनिवारी मॅच संपल्यावर आईबापांनी हात वर करून ते ठरवायचं होतं, एका घराचा एक हात. मुलगा ड्यूटीवर, म्हणून घराचा हात मी न्यायचा होता. तो कुठल्या बाजूला वर करायचा, हेच ठरत नव्हतं.

"उद्या बघू," ती शेवटी म्हणाली. "आता मला जरा पडू द्या."

चहाला हाक मारायला गेलो, तर ती उठली नाही.

तो शुक्रवार उन्हाळ्याआधीचा. आता नोव्हेंबर लागला. परवा आम्ही घरातला एसी बंद केला. बहारीनमध्ये ऋतू बदलला हे आभाळ बघून कळत नाही, एसी बंद केल्यावर कळतं. मी जन्मभर इथे एसीचीच कामं केली, गच्च्यांवरच्या उन्हात, यंत्राच्या पोटात हात घालून. त्या आवाजाची इतकी सवय, की चालू असताना मला तो ऐकूच यायचा नाही. बंद झाला की ऐकू यायचा. उन्हाळाभर घरघर चाललेली असते, आणि एका संध्याकाळी बटण दाबलं की घर एकदम मोठं होतं. आम्ही राहतो त्या नईम भागातल्या गल्लीतली माणसं बोलताना ऐकू येतात. अजान काचेवर आपटून न येता सरळ आत येते. कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होते. इंदू त्या दिवशी दरवर्षी म्हणायची, "चला, घर बोलायला लागलं."

परवा बटण मी दाबलं. घर काही बोललं नाही. प्रवीण, माझा मुलगा, जरा वेळाने म्हणाला, "आबा, टीव्ही लावू का?" मी म्हटलं, लाव.

मॅचेस आधीच सुरू झाल्या होत्या, तरी एसी बंद झाला म्हणजे मैदानाचे खरे दिवस आले. पण काल नातीने खेळायची काठी कपाटावर टाकून दिली. उभी करून नाही ठेवली, आडवी टाकली, मागे, बॅगांच्या पलीकडे. मी बघितलं. तिने बघितलं की मी बघितलं.

त्या काठीचं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हॉकी. हॉकी नव्हे. खेळाचं नाव लॅक्रोस. काठीच्या टोकाला जाळी असते, त्या जाळीत चेंडू झेलायचा, तो सांभाळत पळायचं आणि दुसऱ्या मुलीच्या जाळीत फेकायचा. मी आयुष्यात हे नाव ऐकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी प्रवीण ती काठी घरी घेऊन आला, तेव्हा इंदूने हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, "अवो, ही तर घळ."

घळ म्हणजे आंबा काढायची जाळी. आमच्या रत्नागिरीकडे लांब काठीला बांधतात. आम्ही दोघांनी पोरपणी दुसऱ्यांच्या बागांत घळ धरलेली. आंबा खाली पडून आपटला की मालक मजुरी कापायचा, म्हणून घळ कशी धरायची ते आमच्या हाडात बसलेलं. देठाखाली जाळी न्यायची, झटका द्यायचा, आंबा जाळीत आला की काठी हलू द्यायची नाही. इंदूने नातीला पहिल्याच दिवशी हेच शिकवलं. "हलवायचं नाय. गप धरायचं. फळाला मार बसतो." नात बिचारी मैदानावर काठी गप धरून पळाली आणि चेंडू पहिल्याच पावलाला बाहेर उडाला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. कोचबाईंनी विचारलं असेल, तुला हे कोणी शिकवलं. नातीने बोट दाखवलं. बाई आमच्या खुर्च्यांपाशी आल्या, इंदूसमोर उकिडव्या बसल्या, आणि दोन्ही हातांत बाळ धरल्यासारखं करून हलवून दाखवलं. पळताना काठी अशी हलती ठेवायची, म्हणजे चेंडू जाळीत राहतो.

"हां हां," इंदू म्हणाली. "पाळणा."

"पालना," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या घरात त्याला पाळणाच म्हणतात. त्या दिवसापासून दोघींचं जमलंही. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. बाईंचं नाव हेलन. कुठल्यातरी थंड देशातली, अंगाने किरकोळ, नाक उन्हाने सोललेलं. कधी ओरडायची नाही. मुलीच्या हातून चेंडू पडला की एवढंच म्हणायची, "अगेन." इंदूने तो शब्द घरी आणला. माझ्या हातचा चहा पांचट झाला की कप पुढे सरकवायची. "अगेन."

नातीचं नाव संघमित्रा. ते इंदूनेच ठेवलं. घरी रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून वंदना व्हायची, आणि त्रिसरणात तिसरा शब्द संघाचाच येतो. इंदू म्हणायची, बुद्ध मोठा, धम्म मोठा, पण पोरीला रोज लागणार तो संघ. म्हणून संघाची मैत्रीण. घरी आम्ही मित्रा म्हणतो. मैदानावर तिची सॅम झाली. मला ते आवडलं नाही, आणि मी तसं बोललो. इंदू म्हणाली, "हाक मारतात ना तिला? मारू द्या."

ती असं का म्हणाली ते मला ठाऊक आहे. मित्रा कोणाशी बोलायचीच नाही. अंगाने जरा जाड, चालीने सावकाश. ईसा टाउनच्या शाळेतून बसने घरी यायची, बूट काढायची, जेवायची, फोन घेऊन बसायची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते, आणि तेही दोन शब्दांचं. आय नो. नॉट हंग्री. इट्स ओके. डब्यात कधीकधी पोळी तशीच परत यायची. बरोबर बसून खायला कोणी नाही म्हणून खाल्ली नाही, हे इंदूने ओळखलं. मला वाटलं, भाजी आवडली नसेल.

आणि त्याच मित्राला त्या हिवाळ्यात मैदानावर ओरडताना आम्ही ऐकलं. लॅक्रोसमध्ये चेंडू मागायला ओरडावं लागतं. हेलनबाई सगळ्यांना ओरडायला लावायची. पहिले काही आठवडे मित्राचे नुसते ओठ हलायचे. मग एका शनिवारी, वाऱ्याने धूळ उडत होती, सगळे डोळे चोळत होते, आणि मैदानाच्या त्या टोकावरून आवाज आला, "हिअर! हिअर!" मी इंदूला म्हटलं, कोणाची पोर गं ही, आवाज काय आहे. इंदू माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अवो, आपली."

मैदान ईसा टाउनच्या बाजूला. कडेला खजुराची चार झाडं, त्यांच्या सावलीत आईबापांच्या घडीच्या खुर्च्या. तिथे कोणाला स्वतःचं नाव नसतं. एमाची आई, नूरची आई, झोयाचा बाप. मी सॅमचा ग्रँडपा. इंदूला मात्र सगळे आजीच म्हणायचे. गोऱ्या बायकासुद्धा. त्यांना वाटायचं, ते तिचं नाव आहे.

आणि या मंडळींची मतं. मुली घामाघूम होऊन खेळायच्या, आणि सावलीत बसून यांचा घाम निघायचा. एमाची आई म्हणायची, बाई फार मऊ आहे, हरल्याचं दुःखच शिकवत नाही. झोयाचा बाप हैदराबादचा. त्याच्या डोक्यात अमेरिकेचं कॉलेज. तो म्हणायचा, खेळात नाव झालं तर ॲडमिशन सोपी, आणि ही बाई चांगल्या पोरीला बाहेर काढून ढिल्या पोरीला आत घेते, ये क्या तरीका है. ढिली पोर म्हणजे कोण, ते तो माझ्या तोंडावर बोलायचा नाही. नूरची आई इथलीच, बहारीनी. ती शांतपणे खजूर पुढे करायची आणि म्हणायची, माझी मुलगी हसत घरी येते, मला दुसरं काही नको. तिला कोणी उत्तर द्यायचं नाही. खजूर मात्र सगळे घ्यायचे.

हेलनबाईंचा नियम असा होता की आली ती प्रत्येक मुलगी खेळणार. कोणी पूर्ण मॅच बाकावर बसायचं नाही. आणि मॅच संपली की गोल करून उभं राहायचं, प्रत्येकीने दुसरीचं एक चांगलं सांगायचं. आमच्या पोरी हरून यायच्या आणि गोलात उभ्या राहून हसायच्या. मला ते बघवायचं नाही. खोटं कशाला सांगू. मी चौथी शिकून इथे आलो, आणि मला जे काही येतं ते एका फोरमनने शिव्या घालून शिकवलं. पाना चुकीचा उचलला की तो हातावर मारायचा. त्या माराने मला काम आलं, त्या कामावर मी घर चालवलं, प्रवीणला डिप्लोमापर्यंत शिकवलं. म्हणून मी म्हणायचो, कोच पाहिजे कडक. लाडाने पोरगी नुसती ओरडायला शिकली, चेंडू अजून पडतोच आहे.

"तुमचा फोरमन मेला तेव्हा तुम्ही गेलात मातीला?" इंदूने एकदा विचारलं.

"तो त्याच्या मुलखात मेला. मी कसा जाणार?"

"कळल्यावर काय म्हणालात ते आठवतंय?"

आठवत होतं. मी म्हटलं होतं, सुटलो.

मग दुबईची स्पर्धा झाली. आमचा संघ तिथे एकही मॅच जिंकला नाही. परत आल्यावर आईबापांच्या ग्रुपवर असे मेसेज सुरू झाले की जणू घरंच बुडाली. एका संध्याकाळी प्रवीण मोठ्याने वाचून दाखवत होता. एमाच्या आईने लिहिलं होतं, प्रश्न हरण्याचा नाही, प्रश्न टीमच्या कल्चरचा आहे. ते बिघडलं आहे.

"कल्चर म्हंजे काय ग?" इंदूने सुनेला विचारलं.

आमची सून इस्पितळाच्या लॅबमध्ये आहे. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, कानातले काढत होती, मेसेजकडे तिचं लक्ष नव्हतं. तिच्या कामात कल्चर म्हणजे बशीत जंतू वाढवतात ते. सासूला सोपं करून सांगावं म्हणून ती म्हणाली, "विरजण हो आई. विरजणासारखंच असतं."

झालं. इंदूला सगळा प्रश्न समजला. आमच्यापेक्षा जास्त समजला असं तिला वाटायला लागलं.

"मंग विरजण बिघडलंय म्हणतात तर दही आंबट व्हायला पायजे," ती म्हणाली. "पोरी आंबट झाल्यात का?"

प्रवीण हसला. "आई, ते विरजण नाही."

"तू गप. बायकोने सांगितलं ना आत्ता?"

नंतर सुनेने दोनदा समजावलं की मेसेजमधलं कल्चर म्हणजे वागण्याची रीत. इंदूने ऐकून घेतलं आणि विरजण काही सोडलं नाही. मी बाईंविरुद्ध काही बोललो की तिचं ठरलेलं उत्तर: विरजण लावलं की भांडं हलवायचं नाय. सारखं झाकण काढून बघायचं नाय. थंडीत उशीर लागतो.

मी म्हणायचो, "आणि दूधच नासलं असेल तर?"

"मंग बोट बुडवून बघा. पोरीला विचारा."

"पोर लहान आहे. तिला काय कळतं?"

"तुमाला कळतं ते मला म्हाईत हाय. एसी बिघडला की उघडायचा, एवढंच तुमाला कळतं."

असं आमचं चालायचं. स्वयंपाकघरात, लिफ्टमध्ये, मैदानावर खुर्च्यांवर बसून खालच्या आवाजात. चाळीसच्या वर वर्षं आम्ही भांडलो आणि एकही भांडण पुरं झालं नाही. पुरं करायची घाईच नसायची. उद्या होतंच. कोणी मला विचारलं की बायको गेल्यावर काय गेलं, तर मी जेवणखाण सांगणार नाही. भाकरी सुनेलाही येते. माझं अर्धं भांडण गेलं. मी काही बोलतो आणि घर ऐकून घेतं. प्रवीण म्हणतो, बरोबर आबा. सून म्हणते, बरोबर आबा. सगळं बरोबर असलेल्या घरात माणूस किती बोलणार?

या हंगामाला नवी कोचबाई आली. हेलनबाई गेल्या. शनिवारच्या त्या सभेत बदला म्हणणारेच जास्त होते, आणि उन्हाळ्याआधी त्या सामान बांधून कुठल्याशा दुसऱ्या देशात गेल्या. नवी बाई उंच, कडक, गळ्यात शिट्टी. सरावाला उशीर झाला की मैदानाला फेरी. चेंडू पडला की फेरी. चांगल्या मुली खेळतात, बाकीच्या बाकावर बसतात. संघ जिंकायला लागला आहे. मला जशी पाहिजे होती तशी बाई मिळाली. मी अजूनही म्हणतो, शिकवायला हात तिचा चांगला आहे. झोयाचा बाप मला टाळी देतो. मी बाजूच्या खुर्चीकडे बघतो. दोन खुर्च्या न्यायची सवय आहे, म्हणून मी दोन नेतो. मी म्हणतो, बघितलंस? आणि बघितलंस म्हणायला कोणी नसतं. जिंकल्याचं सांगायला माणूस नसेल तर जिंकणं म्हणजे काय, हे मला या वयात कळतंय. किंवा तिने म्हटलं असतं, पोरीकडे बघा. आणि तेही कोणी म्हणत नाही, म्हणून मलाच बघावं लागतं.

मित्रा बाकावर बसते. गुडघ्यांवर काठी आडवी. पहिल्या मॅचला ती बाकावरूनच ओरडत होती, दुसऱ्या मुलींची नावं घेऊन. नव्या बाईने मागे वळून बोट ओठांवर ठेवलं. दुसऱ्या मॅचला ओरडली नाही. तिसरीला मी बघितलं, तिचे ओठ नुसते हलत होते.

काल रात्री जेवताना तिने विचारलं. काठी त्याआधीच कपाटावर गेली होती. ती म्हणाली, "आबा, शुड आय क्विट?"

प्रवीण म्हणाला, आबा, तुम्हीच सांगा, तुम्ही तिथे असता. मी पाणी प्यायलो. मला माझं उत्तर माहीत होतं. माझं उत्तर असं, की एवढ्याने पळतेस? फेऱ्या मार, घाम गाळ, जागा मिळव. ते जिभेवर आलंही. पण नेहमी ते बाहेर पडायचं तेव्हा समोरून दुसरं यायचं, आणि दोन्हींची टक्कर होऊन जे खाली पडायचं ते पोरीच्या ताटात वाढलं जायचं. प्रवीणही तसाच वाढला. नुसतं माझं उत्तर कोणाला कधी दिलेलंच नाही. कसं लागेल, माहीत नाही.

"उद्या बघू," मी म्हटलं.

मित्राने एकदम वर बघितलं. ते वाक्य माझं नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

रात्री पडल्यावर मला तो शनिवार आठवत राहिला.

इंदू शुक्रवारी गेली. डॉक्टर म्हणाले हृदय. तिला गावी न्यायचं होतं, आणि परदेशात माणूस मेलं की आधी कागद होतात, मग माती. सकाळी प्रवीण त्या कागदांच्या मागे निघून गेला. मित्रा आईला चिकटून बसली होती. आपली माणसं जमली, बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या, तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना सुरू झाली. मला सगळे म्हणत होते, तुम्ही बसा, तुम्ही काही करू नका. मी बसलो. बसल्या बसल्या मला ओव्हन दिसत होता.

उठलो आणि पातेलं बाहेर काढलं. जॅकेट सोडलं, झाकण काढलं. दही लागलं होतं. असं, की पातेलं कललं तरी हललं नाही. वर एक रेघ नाही. मग पाळी आमची आहे हे आठवलं. रवी घेतली आणि घुसळलं. पाणी घातलं, मीठ घातलं, जिरं भाजून कुटून घातलं. आतल्या खोलीतल्या बायकांनी आवाज ऐकला असेल. कोणी आत आलं नाही.

खाली इक्बालभाई भेटले. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, महाडकडचे, रात्रभर आमच्याकडेच होते. माझ्या हातात पातेलं बघून म्हणाले, "भाऊ, आज कशाला?"

"पाळी आमची आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गाडीची चावी काढली. "चला मग."

मैदानावर कोणाला काही माहीत नव्हतं. प्रवीणने ग्रुपवर कळवलं नव्हतं, त्याला कुठे वेळ. एमाच्या आईने विचारलं, सॅम कुठे? मी म्हटलं, घरी. झोयाच्या बापाने विचारलं, दादी नहीं आई आज? मी मान हलवली. पुढे कोणी विचारलं नाही. मधल्या सुट्टीत मुली आल्या, लाल तोंडं, केस कपाळाला चिकटलेले, आणि पेले घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. नूर म्हणाली, आजींचं लबन आज जास्त छान झालंय. इथे ताकाला लबन म्हणतात. हेलनबाईंनी उभ्या उभ्या पेला रिकामा केला, ओठ पुसले, आणि मला सांगितलं, आजींना माझं थँक्यू सांगा.

"सांगतो," मी म्हटलं.

मॅच मुली हरल्या. मुलींनी गोल केला, एकमेकींचं चांगलं सांगितलं. मग त्या हेलनबाईंबरोबर पलीकडच्या टोकाला चेंडू गोळा करायला गेल्या, आणि आईबाप खजुरांखाली जमले. बाई चेंडू वेचताना आम्हाला दिसत होत्या. त्यांनाही ठाऊक असणार, आम्ही काय करतोय ते. एकदाही वळून बघितलं नाही त्यांनी.

एमाची आई म्हणाली, कोच बदलावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. मी हात वर केला. माझं मत तेच होतं. घरात काही झालं म्हणून माझं मत बदलत नाही. तिने हात मोजले. आम्ही हात खाली घेतले.

मग ती म्हणाली, ज्यांना वाटतं बाईंनी राहावं, त्यांनी. नूरच्या आईचा हात वर गेला. मी परत हात वर केला.

झोयाचा बाप हसला. "अंकल, आपका तो हो गया अभी."

"वो मेरा था," मी म्हटलं. "ये दादी का है."

"एक घर का एक ही हाथ है, अंकल. ऐसे तो दोनों कट गए."

"हां," मी म्हटलं. "हमारे घर में ऐसे ही होता है."

हात मी खाली घेतला नाही. एमाच्या आईने माझ्याकडे बघितलं, कागदावर काही लिहिलं नाही, आणि पुढचे हात मोजले. सगळ्यांचे खाली गेल्यावर माझा खाली आला.

पातेलं उचलायला गेलो तर एक मुलगी पेला घेऊन धावत आली. मी म्हटलं, खलास. तळाशी वाटीभर होतं. गाडीत ते मी मांडीवर धरलं. इक्बालभाई सावकाश चालवत होते, तरी मी दोन्ही हातांनी धरलं, अजिबात हलू दिलं नाही.

घरी वंदना संपून माणसं बोलत बसली होती. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. मीठ-जिऱ्याचं का असेना, ते वाटीभर ताक विरजणाला वेगळं काढून ठेवलं आणि लहान पातेल्यात दूध तापवलं. करंगळी बुडवून बघितली.

कढत होतं. थांबलो.